दत्तक घेण्यासाठी पुन्हा बोगोटा: धाकट्याला त्या चर्चमध्ये कधी न्यावं?

थोरलीची आई:
नमस्कार मंडळी. थोरली 2018 साली कोलंबियातून आमच्याकडे आली, आता धाकट्यासाठी पुन्हा निघतोय. तो सहा वर्षांचा आहे. मागच्या खेपेला राजधानी बोगोटात दत्तकाच्या कोर्टाच्या निकालाची वाट बघताना खोलीत बसून आम्ही दोघं नुसते एकमेकांवर खेकसायचो. मग उठून '20 दे हूलियो' भागातल्या दिविनो निन्योच्या चर्चमध्ये जायचो. दिविनो निन्यो म्हणजे गुलाबी झग्यातला, दोन्ही हात वर केलेला बाळ येशू. लेक तेव्हा अडीच वर्षांची. त्याला बघून तीही हात वर करायची, उचलून घे म्हणून. पण त्याला सांगायची हं, आम्हाला नाही! एकदा तसेच हात तिने ह्यांच्यापुढे केले, आणि हे मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सोडून बाहेर जाऊन रडले.

म्हणून मला पहिल्याच रविवारी चौघांनी तिथे जायचंय. हे म्हणतात, पोराला आधी श्वास घेऊ दे. लेक म्हणते, मीच दाखवणार. तुमचं काय मत?

बोगोटा दोनदा:
ताई, रविवार नकोच. पहाटेपासून मिस्सा चालू असतात, नवसाची माणसं लोटतात, बाहेर मेणबत्त्यावाले. शिवाय सिक्लोव्हियामुळे, म्हणजे रविवारी रस्ते सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोकळे ठेवतात त्यामुळे, सकाळी 7 ते दुपारी 2 मोठे रस्ते गाड्यांना बंद, टॅक्सी गल्लीबोळातून फिरवते. मधल्या वारी सकाळी जा. पहिले दिवस तर आयसीबीएफची (तिथली सरकारी बालकल्याण संस्था) माणसं बघत असतात मूल तुमच्याशी कसं रुळतंय ते. त्यांचा दाखला झाला की वकील कोर्टात अर्ज टाकतात. तोवर घर, बाग, आंघोळ, जेवण, बास. आणि मूल समुद्राकाठचं असेल तर बोगोटाच्या 2,640 मीटर उंचीवर तेही दमतं. शहरालगतचा मोन्सेराते डोंगर तर 3,152 मीटरवर, तो शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा.

सिस्टरांचा लाडका (बाबा):
मी जरा वेगळं सांगतो. आमचा मुलगा सिस्टरांच्या (नन्सच्या) संस्थेत वाढलेला. आम्ही हौसेने चर्चमध्ये नेला, आणि दारात एक सिस्टर दिसताच तो माझ्या पँटचा खिसा धरून थिजला. आत पाऊल टाकेना. त्याला वाटलं, परत सोडायला आणलंय. समजूत काढता काढता संध्याकाळ झाली, रात्री बूट काढू देईना. तुमच्या लेकराची फाइल नीट वाचा. तो कुठे राहिलाय, पालक कुटुंबात (दत्तक जाईपर्यंत सांभाळणाऱ्या घरात) की संस्थेत? चर्च तुमच्या ओळखीचं असेल, त्याच्याही असेल, पण ओळख कसली ते विचारून घ्या.

थोरलीची आई:
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. तो पालक कुटुंबात आहे, पण त्याआधीचं फाइलमध्ये दोनच ओळींत आहे. त्या दोन ओळींबद्दल त्याच्या मानसतज्ज्ञांना विचारते.

बोगोटा दोनदा:
विचाराच. आणि तुमचा जीव राहत नसेल तर लेकीला घेऊन तुम्ही दोघीच एका सकाळी जाऊन या, पोरगा बाबांजवळ राहू दे. फक्त त्याला सांगून निघा, किती वाजता परत येणार ते घड्याळात दाखवा, आणि त्या वेळेच्या आधी दारात हजर व्हा.

थोरलीची आई:
हे जमेल. लेकीला मात्र आत्ताच सांगायला हवं, ती त्याला दाखवायला म्हणून चर्चचं चित्र काढून बसलीये.