जमीन आरोग्य पत्रिकेवरून शेताचं आरोग्य कळतं का?

पाचट_राखणारा (शिरोळ)
आमच्याकडे ऊस तुटला की पाचट पेटतं, बांधावर तणनाशक मारलं जातं. सरकारी माती तपासणीच्या या पत्रिकेवर याची कुठेच नोंद नाही. २०१५ पासून तिच्यात तेच १२ घटक: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. खत किती टाकायचं ते यातून कळतं, रान जिवंत आहे का ते नाही. गांडुळं, मित्रकीटक, बांधावरची झाडंझुडपं मोजल्याशिवाय शेताला निरोगी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

माती_तपासणारी
दादा, मला हे अजिबात पटत नाही. मी प्रयोगशाळेत काम करते. तुमच्याच भागात क्षारपडीनं किती रानं गेली! ती वेळेत पकडायची तर क्षारता आणि सामूच बघावा लागतो. सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण होतेय, म्हणजे सोडियम साचून घट्ट होतेय हे कळतं, मग जिप्सम आणि निचऱ्याचं बघता येतं. गांडुळं काळ्या रानात श्रावणात कुदळीसरशी दिसतात, वैशाखात त्याच जागी एक सापडत नाही, कारण ओलीबरोबर ती खाली जातात. अशा मोजणीवर सल्ला कसा द्यायचा?

पाचट_राखणारा
ताई, मग हंगाम ठरवून घ्या. पावसाळ्यात वाफसा आला की फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा आणि मोजायचं. शिवाय वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात सोडून बघा. चांगल्या कर्बाच्या मातीचं जास्त वेळ टिकतं. चोपण मातीचं बघता बघता विरतं आणि पाणी गढूळच राहतं. हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आणि तुमचा आकडा तरी कुणाच्या रानाचा? सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना होता, कोरडवाहूत दहा हेक्टरला. शेजाऱ्याची माती माझ्या पत्रिकेवर!

कापूसवाला (यवतमाळ)
जीव मोजता येत नाहीत असं कसं? मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग आले की आम्ही गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचं ठरवतो. म्हणजे कीड मोजायला शिकलो. ढालकिडे, क्रायसोपा असे कीड खाणारे मित्रकीटक किती आहेत हे मात्र कुणी विचारत नाही, आणि त्याच औषधानं तेही मरतात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या शिवाराचं आरोग्य या १२ रकान्यांत कुठं बसवायचं?

खंडकरी
तुम्ही बहुतेक मालक असाल. मी तोंडी खंडानं रान करतो, पुढच्या वर्षी ते माझ्याकडे असेल याची खात्री नाही. पाचट कुजवून कर्ब वाढायला वर्षं जातात. तो वाढवून मला काय मिळणार? आधी लेखी करार करा, मग काय मोजायचं ते मोजा.

माती_तपासणारी
खंडकरी भाऊ, तुमचं खरं आहे. म्हणूनच मी आकड्याला धरून आहे. रान घेताना कर्ब ०.४ टक्के होता, सोडताना ०.५ झाला, हे कागदावर असलं तर तुम्हाला मालकापुढे बोलता येईल. गांडुळं वाढली म्हणून खंड कमी करणारा मालक मला तरी अजून भेटलेला नाही.