अव्वल बुद्धिबळपटूंचे डाव बघून १४५० रेटिंगवाल्याने नेमकं काय उचलायचं?

कोपऱ्यातलं_प्यादं:
क्लासिकल स्पर्धा खेळतो, ९० मिनिटं अधिक चालीला ३० सेकंद. मोठ्या स्पर्धा थेट बघतो, दोन ओपनिंगच्या (ठरलेल्या सुरुवातींच्या) १८-१८ चाली पाठ आहेत. पण समोरचा सातव्या चालीलाच भलतं काही खेळतो आणि पाठांतर तिथेच संपतं. हे डाव बघायचे तरी कसे?

सातवी_रांग:
ओपनिंग बाजूला ठेवा, मारामारी (मोहऱ्यांची अदलाबदल) कधी होते ते बघा. सिंगापूर २०२४, जगज्जेतेपदाची लढत, गुकेश-डिंग, चौदावा डाव. गुकेश काळा, डिंग पांढरा. दोघांकडे हत्ती आणि उंट, काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एक. चिवटपणे धरलं तर बरोबरी. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२वर आणून मारामारी देऊ केली. हत्ती गेले, आणि गुकेशचा उंट डी५वर आला. पांढरा उंट ए८च्या कोपऱ्यात. तिथून एकच कर्ण, तोही डी५ने अडवलेला. त्या कर्णावर कुठेही सरकला तरी मारला जाणार. उंटही गेले, उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट साफ हरलेला.

म्हणून मारामारीआधी दोन प्रश्न: यानंतर समोरचा लगेच दुसरी मारामारी लादू शकतो का? आणि सगळं साफ झालं तर प्याद्यांचा शेवट कोणाचा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर आधी ऑपोझिशन (राजासमोर राजा उभा करून त्याची वाट अडवणं) पक्कं करा, नाहीतर हे डाव बघणं नुसती करमणूक.

घोडा_एफ३:
पद्धत सांगतो. एक डाव, एकच बाजू. पहिल्या १२ चाली पटापट लावा. तेराव्यापासून पुढचं झाकून ठेवा. प्रत्येक चालीला जास्तीत जास्त तीन मिनिटं. वहीत आपली चाल आणि *त्यावर अपेक्षित उत्तर* लिहा, मगच खरी चाल उघडा. २५ चालींना सव्वा तास लागतो. इंजिन (चाली तपासणारा संगणक) शेवटी. शेजारी कोण वरचढ ते दाखवणारी इंजिनची आकड्याची पट्टी हलत असली की हिशेब होतच नाही, डोळे उत्तर आधीच वाचतात.

किती चाली जुळल्या ते मोजत बसू नका, अपेक्षित उत्तर किती वेळा चुकलं ते मोजा. चुका तिथेच असतात. सोची २०१४, कार्लसन-आनंद जगज्जेतेपदाची लढत, सहावा डाव: कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२वर नेला. आनंदला घोड्याने ई५चं प्यादं मारून दोन प्यादी कमावता येत होती. ते ए-प्यादं पुढे सरकवून मोकळे झाले. आपला बेत डोक्यात असला की समोरच्याची चूक दिसत नाही. समोरच्याने चाल केली की आधी शह, मग मारण्याच्या चाली, मग आपला बेत.

पाव_प्यादं_जास्त:
पद्धत पटली, डावांची निवड नाही. २७५० विरुद्ध २७५० मध्ये चूकच इतकी बारीक असते की १४५०ला दिसत नाही. वर्ल्डकपच्या पहिल्या फेरीतले किंवा ऑलिंपियाडमधले २६०० विरुद्ध २२०० असे डाव घ्या. कमकुवत बाजूच्या चुका आपल्यासारख्या असतात आणि त्यांची शिक्षा कशी होते ते पटावर दिसतं.

आणि त्यांचं घड्याळ उचलू नका. सिंगापूरला पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती, वाढीव सेकंद ४१व्या चालीपासून. तुमच्या वेळेत विसाव्या चालीला निदान ४० मिनिटं हातात हवीत.

कोपऱ्यातलं_प्यादं:
सुरुवात हरलेल्या बाजूने करू की जिंकलेल्या?

घोडा_एफ३:
जिंकलेल्या. हरलेली बाजू महिन्याभराने, तेच डाव.