इंजिनाखालचा डाग: दुरुस्त करू, की ऑइल टाकत राहू?

वहीवाली

गाडी वडिलांची. १७ वर्षं जुनी, पेट्रोल, मीटरवर १,८६,४०० किमी. ते गेल्यावर माझ्याकडे आली आणि डॅशबोर्डच्या खणातली त्यांची वहीही आली. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर, काय बदललं, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या काही पानांवर एकच शब्द चार वेळा आहे: "ओल." कुठे, किती, काही नाही. बहुतेक इंजिनाखालीच, कारण आता तिथूनच गळतंय.

सकाळी गाडी काढली की खाली काळपट डाग असतो. कधी नाण्याएवढा, कधी तळहाताएवढा. तिघांना दाखवली. पहिला म्हणाला, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच, वरून टाकत राहा. दुसऱ्याने खाली वाकून बॅटरी मारली आणि मिनिटभरात निकाल दिला: "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." ते सील म्हणे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतं. तिसऱ्याने एक बाटली पुढे केली, ही ऑइलमध्ये ओता, गळती बंद. घरच्यांचं वेगळंच, विकून मोकळी हो.

मला ती अजून तीन-चार वर्षं चालवायची आहे. वडिलांची म्हणून, हे खोटं कशाला बोलू, पण तेवढ्यासाठीच नाही. पहिल्या चावीला सुरू होते, मागून धूर नाही, रोजचे ३०-३५ किमी कुरकुर न करता जाते. फक्त गिअरबॉक्स उतरवून सील बदलायचं तर तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने डोळ्यांवर येतो. हे ठरवतात कसं?

तेलकट_पाना

डागाचं सोडा, डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या काडीवरची) रेघ किती उतरते ते सांगा. ऑइलचा एवढासा थेंब जमिनीवर भलताच पसरतो. ढोबळ हिशोबाला २० थेंबांचं १ मिली धरा. रात्रीत दहा थेंब पडले तरी वर्षाचं २०० मिलीच्या आतबाहेर. तेवढ्यासाठी कुणी गिअरबॉक्स उतरवत नाही. पण ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. चालत्या इंजिनात ऑइल गरम होऊन पातळ झालेलं असतं, पंपाचा दाबही असतो. रस्त्यावर किती सांडतंय हे डाग सांगू शकत नाही.

म्हणून मोजा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घालून बघा. वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा (वही आहेच तुमच्याकडे). बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये एक लिटरच्या आसपास ऑइल मावतं. हजार किलोमीटरला काडीवरची रेघ जेमतेम हलली तर घाई नाही. पाव-अर्धा लिटर जात असेल तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे.

आता त्या मिनिटभराच्या निकालाबद्दल. बाहेर आलेलं ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक झालं की ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरत येतं आणि थेंब पडतो तो बरोब्बर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागचं सील वाटतं. मी स्वतः फसलोय. स्वतःच्याच गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, सगळं परत जोडलं, आणि दुसऱ्या दिवशी डाग जागच्या जागी. गळत होता ऑइल प्रेशर स्विच. अंगठ्याएवढा पार्ट, एका पान्याने निघतो. त्यानंतर बरेच दिवस मी त्या डागाकडे बघायचंच सोडलं होतं!

इंजिन थंड असताना डिग्रीझरने धुवा, वायरिंगचे कनेक्टर आणि अल्टरनेटर झाकून. सुकलं की १५-२० किमी चालवा आणि मग वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा हा चोर, खालची सगळी ओल त्याच्या मागची. कळलं नाही तर संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरा, ऑइल आलं की रेघ उठते. गॅरेजमध्ये ऑइलमध्ये घालायचा डायही मिळतो, निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकतो.

आणि एक गोष्ट जी कुणी बघत नाही: पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) वायू बाहेर काढायची ती वाट चोंदली की आत दाब साठतो आणि तो दाब सगळ्यात कमकुवत सीलमधून ऑइल ढकलतो. मग नवं सील टाका नाहीतर सोन्याचं टाका, गळणारच.

चालतंय_तोवर

इतकं कशाला? माझी जुनी गाडी चार वर्षं गळत होती. डिकीत एक कॅन ठेवायचो, दर रविवारी काडी बघून टाकायचो. काही झालं नाही.

रबरी_नळी

@चालतंय_तोवर, तुमचं ऑइल जमिनीवर पडत होतं म्हणून निभावलं. माझ्या मते किती गळतंय याआधी कशावर गळतंय ते बघावं. टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) ऑइल लागलं तर बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात. तो तुटला तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग सीलचा खर्च आठवणारही नाही. स्पार्क प्लगच्या खोबणीत उतरलं तर मिसफायर, म्हणजे इंजिन झटके खातं. क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरतो, आणि कोरडा होऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत असेल तर थेट आगीची भीती. तिथे मोजमाप वगैरे करत बसायचं नाही. वहीवाली, जळका वास येतो का?

वहीवाली

येतो! सिग्नलला थांबले की एसीतून आत येतो. मला वाटायचं पुढच्या ट्रकचा असेल. दरवेळी पुढे ट्रक नसतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रबरी_नळी

मग वरून येतंय. मागच्या सीलचं ऑइल सहसा मॅनिफोल्डपर्यंत पोचत नाही, टॅपेट कव्हरचं पोचतं. लांब जाऊ नका, आधी बॉनेट उघडून दाखवा. आणि गाडीखाली स्वतः शिरणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नको.

तेलकट_पाना

बरोबर. पॅकिंग बदलाल तेव्हा समोर उभ्या राहा. बोल्ट आवळून गळती थांबवायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने पॅकिंग चिरडतं, कव्हर वाकतं. हे बोल्ट बहुतेक १० न्यूटन-मीटरच्या आसपासचे, मनगटाचा जोर पुरतो. सिलिकॉन पेस्टही कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर ठिपक्याएवढीच. थापली तर तिचे तुकडे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडून पंपाची जाळी चोंदते.

बाटलीचं म्हणाल तर ती रबर थोडं फुगवते. किंचित झिरपणाऱ्या सीलला काही महिने मिळतात. कडक होऊन तडकलेल्या पॅकिंगला ती काय करणार?

वहीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. वासाचं कळल्यावर मोजायला थांबले नाही, पण आधीच्या टॉप-अपची नोंद वहीत होती, त्यावरून हिशोब केला: ६१० किमीत जवळपास पाव लिटर.

धुतल्यावर सगळ्यात वरची ओली जागा निघाली टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, मॅनिफोल्डच्या बाजूचा. पॅकिंग काढताना वाकलंसुद्धा नाही, बिस्किटासारखं तुकडे होऊन आलं. पीसीव्ही व्हॉल्व्हही चिकटलेला होता, तो बदलला. काम दुपारच्या आत संपलं.

घरी येऊन वही पुन्हा चाळली. १,४१,००० किमीच्या नोंदीत आहे: "व्हॉल्व्ह सेटिंग केलं. पॅकिंग ठीक दिसतं, तेच लावलं." व्हॉल्व्ह सेटिंगला टॅपेट कव्हर उघडावंच लागतं. पहिली "ओल" त्याच्या पुढच्या पानावर. बाबा दुसऱ्यांना नेहमी सांगायचे की उघडलं की पॅकिंग नवं टाकायचं. स्वतःच्या गाडीला मात्र काटकसर.

वास गेला. त्यानंतर ८५० किमी झाले, काडीवरची रेघ होती तिथेच आहे म्हटलं तरी चालेल. पण दोन-तीन दिवसांनी एखादा थेंब अजून दिसतो, जोडावरूनच, म्हणजे दुसरा मेकॅनिक अगदीच चूक नव्हता. क्लच ९८,००० ला बदललाय, आता पेडल बरंच वर आल्यावर पकडतो. तो करायचा झाला की गिअरबॉक्स उतरणारच आहे, तेव्हाच सील टाकून घ्यायचं ठरवलंय. तोवर महिन्यातून दोनदा काडी.

कालची नोंद माझ्या अक्षरात: "ओल. मागच्या सीलकडून. दोन थेंब."

तेलकट_पाना

क्लचच्या वेळी जुनं सील निघालं की क्रँकवर बोट फिरवून बघायला सांगा. सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील अगदी त्याच रेषेवर बसवू नका, जागा असेल तर मिलिमीटरभर पुढेमागे. हेही वहीत लिहून ठेवा, तेव्हा मी इथे असेन-नसेन.