मदत हवी आहे: पियानो सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरला झेपवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. मुलगी तीन वर्षं मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी किती जोरात दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा) जोडून सॅम्पल्ड पियानोवर, म्हणजे खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सराव करतेय. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीबद्दल विचारायला दहा घरं आहेत, पण या विषयातलं कुणी भेटलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

कॉम्प्युटरला 8 जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे, विंडोज 10. जुनी आवृत्ती 5 जीबीची, बिनतक्रार चालायची. नवी 40 जीबीची. प्रत्येक पट्टी हलक्या स्पर्शापासून जोरापर्यंत अनेक थरांत रेकॉर्ड केलेली. आवाज ऐकून पोरगी हरखूनच गेली. पण सस्टेन पेडल (बोट उचललं तरी सूर चालू ठेवणारं) दाबून वाजवलं की तडतड होते, सूर तुटतात. मला समजलं ते असं: सुरांची फक्त सुरुवात रॅममध्ये असते, पुढचा भाग वाजता वाजता डिस्कवरून येतो, आणि पेडलमुळे कितीतरी सूर एकदम चालू राहतात. बफर, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, 256 नमुन्यांवरून 1024 केला तर तडतड थांबते. पण 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 नमुने) एवढ्यानेच 23 मिलिसेकंद उशीर होतो, बोटामागून सूर येतो. तालात वाजवणाऱ्याला ते फार खुपतं.

सहा-सात हजार खर्चू शकतो. आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घालू की रॅम 16 करू? की असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, घेऊ? पियानोटेकसारखं, सॅम्पलशिवाय आवाज घडवणारं सॉफ्टवेअर कुणी वापरत असेल तर तोही अनुभव कळवा. पुढच्या महिन्यात तिचा कार्यक्रम आहे.