मदत हवी आहे : हाताने विणलेला काश्मिरी गालिचा कसा ओळखावा?

नमस्कार. आईच्या पंचाहत्तरीनिमित्त कोल्हापुरातील आमच्या जुन्या घराच्या माजघरासाठी हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा घ्यायचा आहे. दसरा चौकाजवळच्या एका प्रदर्शनात चार बाय सहा फुटांचा डाळिंबी गालिचा मनात भरला. विक्रेते तो काश्मिरी असल्याचे सांगून पंचेचाळीस हजार रुपये मागतात.

टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून बनवलेल्या, गालिच्याच्या पाठीला डिंकाने कापड चिकटवलेले असते, तर गाठींच्या गालिच्यावर उलट बाजूनेही नक्षी स्पष्ट दिसते. इथे कापड नाही, नक्षीही दिसते. मात्र कडेची झालर बोटांनी उलगडून पाहिली, तेव्हा ती विणीतल्या उभ्या धाग्यांतूनच पुढे आलेली नसून वरून बारीक टाके घालून शिवल्यासारखी वाटली, आणि तिथेच मन साशंक झाले. झिजलेली झालर दुरुस्तीत नव्याने शिवतात, हे मान्य. पण हा गालिचा कोरा म्हणून विकला जात आहे. एक सुटा धागा जाळला असता केस जळल्यासारखा वास आला, म्हणजे लोकर खरी. पण यंत्रावरही लोकर विणतातच.

काश्मिरी गालिच्याला भौगोलिक मानांकन असून २०२२ पासून क्यूआर कोडचे लेबलही मिळते. या गालिच्यावर ते नाही. लेबलाविना तो अस्सल असू शकेल का? पाठीवरच्या गाठी हाताच्या की यंत्राच्या, हे नेमके कशावरून ठरवावे? कोल्हापूर, सांगली परिसरात गालिचा तपासून देणारे जाणकार असल्यास कृपया कळवावे. प्रदर्शन रविवारी संपते आहे.