आचमन उजव्या हाताने, मोबाइल डाव्या हातात. शुद्ध काय झालं?

घाटावरचा, सांगली
गेल्या आठवड्यात विश्रामबागेत नात्यातल्या वास्तुशांतीला गेलो होतो. यजमान कद नेसून पाटावर, डाव्या हातात मोबाइल. गुरुजी ‘केशवाय नमः’ म्हणाले, हा पाणी प्यायला. ‘नारायणाय नमः’ला आचाऱ्याचा फोन. ‘माधवाय नमः’ला ‘जिलबी दोन किलो वाढवा’. ‘गोविंदाय नमः’ला पाणी ताम्हनात सोडायचं असतं, गडी तेही प्यायला. गुरुजी हसले आणि पुढे सरकले.

आता माझं म्हणणं. आचमनाला पाणी किती सांगितलंय? उडदाचा एक दाणा बुडेल एवढं. तेवढ्या पाण्यात कुणाचा मळ निघतो? तळवा गाईच्या कानासारखा करायचा, अंगठा आणि करंगळी मोकळी ठेवायची, अंगठ्याच्या मुळाशी ओठ लावून आवाज न करता प्यायचं. एवढं सांभाळताना माणसाला दुसरं काही सुचू नये, हीच त्यातली योजना असणार. माझी आजी सोवळं काठीनं उंच दांडीवर वाळत घालायची, आम्ही जवळ गेलो की ओरडायची. तेव्हा राग यायचा. पण पुरण वाटताना तिचं लक्ष कधी दुसरीकडे गेलेलं मी पाहिलं नाही. रेशमी कद राहू दे कपाटात, ते लक्ष तरी ठेवा.

कोरेगाव फाटा
तुम्हाला आजीचं लक्ष आठवतं. आमच्याकडं तीच काठी दुसऱ्या टोकानं आठवते. माझ्या पणजीच्या ओंजळीत वाड्यावरची माणसं वरून पाणी ओतायची, तांब्या लागू न देता. त्या वेळी त्यांचं लक्ष अगदी एकाग्र असायचं बरं का, थेंब उडू नये म्हणून.

आणि तुमच्या आचमनाचंच बघा. मनुस्मृतीत दुसऱ्या अध्यायात ६२वा श्लोक आहे. ब्राह्मण शुद्ध कधी होतो, तर पाणी काळजापर्यंत पोचल्यावर. क्षत्रिय घशापर्यंत, वैश्याच्या नुसतं तोंडात गेलं तरी पुरे, शूद्राच्या ओठाच्या कडेला लागलं की झालं. लक्षाचीच गोष्ट असती तर पाण्याला जात कशाला लागली असती? ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. शिपायानं नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळायचं. शिपाई नसला की तहान.

घाटावरचा
श्लोक खरा आहे, नाकारत नाही. पण गैरवापर झाला म्हणून मूळ क्रियाच टाकायची का? ‘अपवित्रः पवित्रो वा’ म्हणताना कुठल्याही अवस्थेतला माणूस स्मरणानं आतबाहेर शुद्ध होतो असंच म्हणतो ना आपण?

कोरेगाव फाटा
म्हणतो खरं. म्हणून झाल्यावर गाभाऱ्यात कोण जातं ते बघा.

सिस्टर, मिरज
तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली, म्हणून बोलते. आमचं सोवळं तुमच्यापेक्षा कडक. कोपरापर्यंत हात घासायचे, मग ते वर धरूनच आत यायचं, कशालाही शिवायचं नाही. चुकून शिवलं की परत पहिल्यापासून. त्यात मन इकडेतिकडे गेलेलं चालत नाही, तेव्हा लक्षाबद्दल घाटावरच्या दादांचं मला पटतं. फक्त आमच्याकडे विटाळ हाताला असतो, माणसाला नसतो. टेबलावर कोण झोपलंय त्यानं हात धुण्यात फरक पडत नाही. आणि ‘त्या’ चार दिवसांत मी शेकड्यानं सिझर केसेसना उभी राहिलेय. घरी मात्र सासूबाई देवाजवळची वात लावू द्यायच्या नाहीत.

जाता जाता: जेवायच्या आधी साबण लावून वीस सेकंद हात धुवा. उडीद बुडेल एवढ्या पाण्यानं जंतू जात नाहीत.

वाईकर
थोडं विषयांतर. कलशपूजेत ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि’. सात नद्या झाल्या, त्यात आमची कृष्णा कुठाय? लहानपणापासून हे सलतंय. गंगेला तांब्यात बोलवायचं आणि पूजा उरकली की निर्माल्य कॅरीबॅगसकट दारातल्या कृष्णेत. एकदा घाटावर एकाला हटकलं, तर म्हणाला, ‘वाहतं पाणी आहे, सगळं शुद्ध होतं.’ त्या पिशव्या पुढं तुमच्या सांगलीलाच येत असणार, घाटावरचे.

घाटावरचा
येतात. पूर ओसरला की झाडांना लटकलेल्या दिसतात.

सिस्टर, वातीचं वाचून गप्प झालो. आमच्या घरीही तेच होतं, पहिल्या पोस्टमध्ये मी ते सोयीस्कर विसरलो. आत्ताच आईला फोन करून विचारलं, आजी सोवळं काठीनं का घालायची. आई म्हणाली, ‘अरे, दांडी उंच होती. आजी बुटकी.’

कोरेगाव फाटा
दांडी उंच का बांधली होती, तेही विचारा.