सामानाच्या सायकलीला दिवे कोणते लावावेत?

मुलाला शाळेत सोडून तसेच कचेरीत जाण्यासाठी घेतलेल्या लांब कॅरियरच्या सायकलीला चार्जिंगचे दिवे पुरतील का, असे आपण विचारले आहे. रोजचाच वापर असेल, तर माझे मत हब डायनॅमोच्या बाजूने आहे. पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसणारा हा डायनॅमो साधारण ६ व्होल्ट व ३ वॅट वीज देतो. टायरला घासून घरघरणाऱ्या जुन्या बाटली डायनॅमोसारखा तो पावसात घसरत नाही आणि चार्जिंग विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. दिवे मात्र कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असलेले घ्यावेत, म्हणजे सिग्नलला थांबल्यावरही ते काही मिनिटे जळत राहतात.

मागचा दिवा सीटखाली नव्हे, तर कॅरियरच्या शेवटच्या आडव्या पट्टीला लावावा. माझा दिवा कित्येक दिवस मेथीच्या पिशवीमागे झाकलेला होता, हे एका रिक्षावाल्याने सांगितले तेव्हा मला कळले! पुढे टोपली असल्यास हँडलवरच्या दिव्याची सावली रस्त्यावर पडते. म्हणून तो फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, माथ्यावर बसवावा आणि झोत किंचित खाली ठेवावा. मूल मागे बसणार असल्याने दोन पायांचा रुंद स्टँड दिव्यांच्याही आधी घ्यावा.